विश्लेषण : प्लेगची पहिली खबर देणारे डॉ. व्हिएगस कोण होते? धडगावच्या पाड्यांशी त्यांचा संबंध काय?

धडगाव तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर दोन-चार घरांत एकाच वेळी ताप आला, तर त्याची पहिली खबर बहुधा आशा ताईंना लागते. त्या उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेला कळवतात आणि नोंद वर सरकते. करोनानंतर साथरोग सर्वेक्षणावर बरेच बोलले गेले, पोर्टल आले, प्रयोगशाळा वाढल्या. पण खबर देणारा माणूसच नसेल तर? हे समजून घ्यायला १८९६ च्या मुंबईतले डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस आठवावे लागतात.

हडफड्याहून मांडवीत

व्हिएगस यांचा जन्म १८५६ चा, गोव्यातल्या बार्देशमधील हडफडे गावचा. शिक्षणासाठी ते मुंबईला आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८८० मध्ये डॉक्टर झाले आणि मांडवीत दवाखाना थाटला. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेला, धान्याच्या वखारींनी आणि दाटीवाटीच्या चाळींनी भरलेला भाग. महापालिकेचेही ते सदस्य होते, आणि ही गोष्ट पुढे फार कामी आली.

सप्टेंबर १८९६ मध्ये त्यांच्याकडे वेगळेच रुग्ण येऊ लागले. जोराचा ताप, जांघेत किंवा काखेत गाठ आणि काही दिवसांत मृत्यू. वखारींत उंदीरही मरून पडत होते. व्हिएगस यांनी हा ग्रंथिक प्लेग असल्याचे ओळखले. दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये प्लेगने थैमान घातले होते आणि त्या बंदराशी मुंबईचा व्यापार होता. २३ सप्टेंबरला त्यांनी पालिकेच्या स्थायी समितीपुढे हे उघड सांगितले.

सांगणे सोपे नव्हते

प्लेग हा शब्द उच्चारला की परदेशी बंदरे मुंबईची जहाजे अडवणार, व्यापार बसणार. शिवाय निदान चुकले असते, तर शहरात घबराट पसरवल्याचे खापर त्यांच्याच माथी फुटले असते. आरोग्य खात्यानेही सुरुवातीला सावध, गुळमुळीत शब्द वापरले. मग इतर तज्ज्ञांनी तपासणी केली आणि व्हिएगस यांचे निदान बरोबर ठरले. लस शोधण्यासाठी वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. त्यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. व्हिएगस वस्त्यांच्या सफाईच्या आणि लस टोचण्याच्या कामात राहिले.

साथ मात्र आटोक्यात आली नाही. शहरातले लाखो लोक गावाकडे पळाले आणि रोगही पसरला. पुढच्या काही दशकांत देशभरात एक कोटीहून अधिक बळी गेले. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा १० मार्च १८९७ रोजी मृत्यू झाला.

कायदा आला, विश्वास गेला

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने करोनासाठी लागू केला, तो हाच. पण त्या काळी घरात घुसून झडती, सक्तीने रुग्णालयात नेणे, सामान जाळणे असे प्रकार झाले. ऑक्टोबर १८९६ मध्येच मुंबईत गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला होता. पुण्यात संताप रँडच्या हत्येपर्यंत गेला. सर्वेक्षणाच्या दृष्टीने सर्वांत मोठे नुकसान वेगळेच होते. लोक आजारी माणूस लपवू लागले. व्हिएगस यांच्याकडे रुग्ण आपल्या पायांनी आले होते, म्हणून साथ दिसली. घरात लपलेला रुग्ण कुठल्याच तक्त्यात येत नाही.

व्हिएगस १९०६ मध्ये महापालिकेचे अध्यक्ष झाले. १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले. धोबी तलावाला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे.

मग आजची यंत्रणा कधी उभी राहिली?

त्याला पुन्हा प्लेगच कारण ठरला. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि पाठोपाठ सुरतेत प्लेग आढळला. सुरत नंदुरबारच्या शेजारचीच. तिथून लोक लोंढ्याने पळाले आणि इशारा वेळेत मिळण्याची व्यवस्था किती तोकडी आहे हे उघडे पडले. २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्यात आरोग्य कर्मचारी लक्षणे नोंदवतात, डॉक्टर संशयित निदान देतात, प्रयोगशाळा खात्री करते. आधी ही माहिती आठवड्याला जायची, एप्रिल २०२१ पासून नव्या राष्ट्रीय पोर्टलवर जवळपास लगेच चढवता येते.

धडगावला अडते कुठे?

पोर्टलला रेंज लागते आणि सातपुड्याच्या घड्यांत ती सगळीकडे नाही. गाव म्हणजे एकेका टेकडीवर विखुरलेले पाडे. काही ठिकाणी आजही रुग्णाला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना आहे. एवढे अंतर कापून रुग्ण आलाच नाही, तर डॉक्टरांच्या नोंदीत काहीच नसते, आणि नोंद कोरी म्हणजे आजार नाही असा अर्थ वर बसून सहज काढला जातो. अनेकजण आधी पाड्यावरच्या पुजाऱ्याकडे किंवा जवळच्या खासगी दवाखान्यात जातात. व्हिएगस हेही खासगी डॉक्टरच होते, हे इथे विसरता येत नाही. क्षयरोगासाठी खासगी डॉक्टरांवर २०१२ पासून कळवण्याचे बंधन आहे, पण पाड्यावर एकाएकी आलेल्या तापाबद्दल पहिला फोन कोण करणार, हे बहुतेकदा ओळखीपाळखीवर ठरते.

त्यात स्थलांतर. पावसाळा सरला की अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातकडे जातात आणि होळीला परततात. तिकडे आजारी पडलेल्याची नोंद तिकडे झाली तर झाली. परतल्यावर तो कुठून आला, कुणाबरोबर फडात होता, हे विचारायला दारात जावे लागते. ते काम आजही आशा ताईंकडेच आहे, आणि तेही चालतच.