कारकुनाने जमविलेला इतिहास

ज्या समाजाला इतिहासच नाही असे एकदा ठरविले, त्याला भविष्य नाकारणे सोपे जाते. गुलाम म्हणून अमेरिका खंडात नेलेल्या आफ्रिकी माणसांच्या वाट्याला नेमके हेच आले. त्यांची नावे गेली, भाषा गेल्या. पुढे त्यांना सांगण्यासारखा भूतकाळ नव्हताच, हे शाळांतूनही शिकविले जाऊ लागले. या समजुतीला उत्तर देण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, ते आर्तुरो शोम्बर्ग प्राध्यापक नव्हते. बँकेतील कारकून होते.

१८७४ मध्ये पोर्तो रिको बेटावर त्यांचा जन्म झाला. कृष्णवर्णीयांना ना इतिहास ना थोर पुरुष, असे एका शिक्षकाने त्यांना बालपणी ऐकविले, असे सांगितले जाते. १८९१ मध्ये ते न्यूयॉर्कला आले. १९०६ पासून १९२९ पर्यंत त्यांनी बँकर्स ट्रस्टच्या टपाल विभागात नोकरी केली आणि त्याच काळात जुन्या ग्रंथांच्या दुकानांतून पुस्तके, हस्तलिखिते व चित्रे गोळा केली.

त्यांच्या संग्रहातून एकेक साक्षीदार उभा राहू लागला. गुलामगिरीत असतानाच १७७३ मध्ये जिचा काव्यसंग्रह लंडनला प्रसिद्ध झाला ती फिलिस व्हीटली, पंचांगे रचणारा बेंजामिन बॅनेकर, सोळाव्या शतकात स्पेनमध्ये लॅटिन काव्य लिहिणारा हुआन लातिनो. अपमानाला पोकळ गौरवाने उत्तर देणे शोम्बर्ग यांना मान्य नव्हते. अतिशयोक्तीने आपलीच बाजू दुबळी होते, म्हणून पुरावा हवा, ही भूमिका त्यांनी १९२५ मधील आपल्या गाजलेल्या निबंधात मांडली.

१९२६ मध्ये कार्नेगी कॉर्पोरेशनने पाच हजारांहून अधिक ग्रंथांचा हा संग्रह दहा हजार डॉलरना विकत घेऊन हार्लेम वस्तीतील सार्वजनिक ग्रंथालयाला दिला. ज्यांचा तो वारसा, त्यांच्याच दाराशी तो आला. मिळालेल्या पैशातून शोम्बर्ग युरोपात गेले, ते स्पेनमधील दप्तरखाने धुंडाळण्यासाठी! १९३२ पासून १९३८ मधील मृत्यूपर्यंत त्यांनी त्याच ग्रंथालयात संग्रहाची देखभाल केली. आज तेथील संशोधन केंद्र त्यांच्या नावाने ओळखले जाते.

वारसा केवळ अभिमानाने टिकत नाही. कोणीतरी कागद जपावे लागतात. त्यासाठी पदवी किंवा संपत्ती लागतेच असे नाही, हे या कारकुनाने सिद्ध केले. बालपणी ऐकलेल्या त्या एका वाक्याला त्यांनी दिलेले उत्तर पुढील पिढ्यांना आजही वाचता येते.