लोकशाहीर अण्णाभाऊ साठे आणि आपली मंडई

भाऊबीज झाली की आपल्या गोंदिया जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते. बाजार, पाहुणे, दंडार आणि रात्रभर खडी गंमत, नाही तर झाडीपट्टीचं नाटक. आम्ही लहान होतो तेव्हा पोतं काखेत मारून गमतीला पळायचो. घरची वडीलधारी मंडळी रागवायची. नाच्या नाचवणं आणि ढोलकी बडवणं हे आपल्या समाजानं टाकून द्यायचं काम आहे, असं त्यांचं मत होतं. त्यांचा राग खोटा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या लोकांचं मन रिझवायचं आपण, आणि मानाच्या जागी बसायचं दुसऱ्यानं, हे त्यांनी पाहिलं होतं. पण मग ढोलकी टाकावी की ढोलकीवर काय वाजतं ते बदलावं? या प्रश्नाचं उत्तर आम्हाला लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या जीवनात सापडलं. ते या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवतो.

अण्णाभाऊंचं मूळ नाव तुकाराम. जन्म १ ऑगस्ट १९२०, गाव वाटेगाव, तालुका वाळवा, आजचा सांगली जिल्हा. आईचं नाव वालुबाई, वडिलांचं भाऊराव. मातंग समाजात जन्म, त्यामुळं दारिद्र्य आणि अस्पृश्यता दोन्ही वाट्याला आली. शाळा जेमतेम दीड दिवसाची. पुढं पोटासाठी हे कुटुंब पायी चालत मुंबईला गेलं. तिथं पोराला मिळेल ते काम करावं लागलं. हमाली केली, गिरणीत राबला. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं पाहत अक्षरं शिकला. शाळेनं नाकारलेलं शिक्षण रस्त्यानं दिलं.

नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाफडात ते काही काळ होते. तिथं तमाशाचा सगळा बाज त्यांच्या अंगात मुरला. आधी गण, म्हणजे गणपतीला नमन. मग गौळण, म्हणजे कृष्ण आणि मथुरेला निघालेल्या गवळणींची छेडछाड. नंतर बतावणी आणि शेवटी वग. आपल्या खडी गमतीतही गण-गौळण ओळखीचीच आहे.

हा सांगाडा सुधारायचं काम त्यांच्या आधीच सुरू झालं होतं. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापला, त्यातून पुढं सत्यशोधक जलसे निघाले. बाबासाहेबांच्या चळवळीत भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत चळवळ गाण्यातून गेली.

अण्णाभाऊ लाल बावट्याचे कार्यकर्ते होते. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहताना त्यांनी तिथल्या मच्छरांवर गाणं रचलं, पुढं स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा केला. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अकलेची गोष्ट, शेटजींचे इलेक्शन, माझी मुंबई असे त्यांचे खेळ कामगारांच्या वस्त्यांत तुफान चालले.

या खेळांत त्यांनी काय केलं ते नीट पाहिलं पाहिजे. ढोलकी ठेवली, सोंगाड्या ठेवला, हजरजबाबी सवाल-जवाब ठेवले. पण गणातून गणपती काढला आणि तिथं मायभूमी, हुतात्मे व कष्टकरी यांना वंदन केलं. गौळण तर साफ गाळली, कारण तिच्यात बाईची टिंगल होती. वगातला राजा गेला आणि त्या जागी शेतकरी, मजूर, सावकार, पुढारी आले. घर तेच, पण मालक बदलला! आमच्या मते अण्णाभाऊंचं सर्वांत मोठं काम हेच.

सत्तेला हे झोंबणारच. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली, कलापथकाच्या खेळांनाही मनाई झाली. तमाशाला बंदी असली तर लोकनाट्याला नाही ना, म्हणून तोच खेळ लोकनाट्य या नावानं लोकांपुढं गेला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची मैनेची छक्कड घरोघर पोचली. बायको गावी सोडून मुंबईला आलेल्या मजुराचा विरह गाता गाता त्यांनी तोडलेल्या मराठी मुलखाचं दुःख सांगितलं.

२ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन अण्णाभाऊंनी केलं. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून कष्टकऱ्यांच्या तळहातावर तोलली आहे, असा विचार त्यांनी तिथं मांडला. गणात जे केलं, तेच इथं सांगितलं. १९५९ साली फकिरा कादंबरी आली. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले.

एवढं नाव झालं तरी घाटकोपरच्या चिरागनगरातली झोपडी अनेक वर्षं सुटली नाही. गोरेगावच्या सिद्धार्थनगरात सरकारी घर मिळालं ते अगदी शेवटी. १८ जुलै १९६९ रोजी, वयाची ४९ वर्षं पूर्ण होण्यापूर्वीच, ते हलाखीत गेले. २००२ साली त्यांचं टपाल तिकीट निघालं, २०२२ साली मॉस्कोत पुतळा उभा राहिला. जिवंतपणी मात्र औषधपाण्याचीही वानवा होती. कलावंत मेल्यावर हार घालणाऱ्या समाजानं याची लाज वाटून घ्यावी.

आता आपल्याकडं वळू. बिडी वळणाऱ्या बाया, राईस मिलमधले हमाल, तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटेच जंगलात शिरणारी कुटुंबं, रोवणी करणाऱ्या मजूर बाया, यांच्या जीवनात नाटकाला विषय कमी आहेत काय? आपल्या पोरांत गळा आहे, ठेका आहे. मंडईच्या रात्री त्यांना घरात कोंडून काही होणार नाही. त्यांच्या हाती नवा वग द्यावा लागेल. वडीलधाऱ्यांचा राग आम्हाला मान्य आहे. पण तो ढोलकीवर नको, ढोलकीकडून जे वदवून घेतलं जात होतं त्यावर असावा. येत्या मंडईला आपल्या गावात एक तरी असा खेळ उभा राहावा, ज्याच्या गणात राबणाऱ्याला वंदन असेल आणि ज्यात बाईची टिंगल नसेल. तेवढं झालं तरी अण्णाभाऊ आपल्या गावात येऊन गेले असं आम्ही समजू.