सर जॉन चार्नली : पाय चालते करणारे शल्यविशारद

मानवी शरीर परक्या वस्तूला सहजासहजी थारा देत नाही. बोटात काटा रुतून राहिला, तर त्याभोवती सूज येते, पू होतो आणि शरीर त्याला बाहेर ढकलू पाहते. अशा शरीरात धातूचा व प्लास्टिकचा सांधा बसवून तो वर्षानुवर्षे टिकवणे किती अवघड असेल! खुब्याच्या बाबतीत हे अवघड कार्य ज्यांनी तडीस नेले, ते शल्यविशारद म्हणजे सर जॉन चार्नली.

चार्नली यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ रोजी इंग्लंडमधील बरी या गावी झाला. वडिलांचे औषधांचे दुकान होते आणि आई परिचारिका होती. मँचेस्टर येथे शिक्षण घेऊन १९३५ साली ते डॉक्टर झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी लष्करी वैद्यकीय दलात सेवा केली. युद्धानंतर ते मँचेस्टरमध्ये अस्थिशल्यविशारद म्हणून काम करू लागले.

त्या काळी संधिवाताने खुबा झिजला की रुग्णाच्या वाट्याला वेदना आणि परावलंबी जिणे येई. काही शल्यविशारद मांडीच्या हाडाचा झिजलेला गोल काढून तेथे ॲक्रिलिकचा गोल बसवीत. असाच एक रुग्ण चार्नली यांच्याकडे आला. हालचाल करताच त्याच्या खुब्यातून करकर आवाज येई. त्या आवाजामुळे पत्नीलाही त्याचा सहवास नकोसा झाला होता. इतरांना ही गोष्ट गमतीची वाटली असती. चार्नली यांनी मात्र तिच्यात घर्षणाचा प्रश्न पाहिला. घर्षण जास्त असेल, तर बसवलेला भाग हळूहळू सैल होणारच, हे त्यांनी ओळखले.

यावर त्यांनी तीन उपाय योजले. मांडीच्या हाडासाठी सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचा लहान पोलादी गोल घेतला. त्याच्यासाठी टेफ्लॉन या गुळगुळीत प्लास्टिकची उखळी केली. हे भाग हाडात पक्के बसावेत म्हणून दंतवैद्यकात वापरले जाणारे ॲक्रिलिक सिमेंट वापरले. हे सिमेंट हाडातील फटी भरून काढते आणि शरीराचा भार सर्वत्र सारखा पसरवते. राइटिंग्टन येथील जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्यांचे हे कार्य सुरू झाले.

अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली. परंतु हा आनंद फार काळ टिकला नाही. तीन-चार वर्षांत सुमारे ३०० रुग्णांच्या टेफ्लॉनच्या उखळ्या झिजू लागल्या. झिजेचे सूक्ष्म कण भोवतालच्या ऊतींत साचले, तेथे गाठी झाल्या, हाड पोखरले गेले आणि सांधे सैल झाले. अखंड टेफ्लॉन शरीराने सहन केले होते. त्याची भुकटी मात्र त्याला सोसवली नाही. चार्नली यांनी हे अपयश लपवले नाही. रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी ती जबाबदारी स्वीकारली.

१९६२ साली एका विक्रेत्याने पॉलिएथिलीन या दुसऱ्या प्लास्टिकचा तुकडा आणून दिला. चार्नली यांना तो निरुपयोगी वाटला. पण त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी तो झीज मोजण्याच्या यंत्रावर लावला. तीन आठवड्यांत झालेली त्याची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेपेक्षाही कमी भरली. चार्नली यांनी आपले मत तत्काळ बदलले. तरीही रुग्णांच्या बाबतीत आता घाई नको होती. त्यांनी दोन्ही प्लास्टिकचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी टणक गाठी हाताला लागल्या. पॉलिएथिलीनच्या जागी तसा त्रास झाला नाही. नोव्हेंबर १९६२ पासून नव्या उखळ्या वापरात आल्या.

पुढेही त्यांनी सावधगिरी सोडली नाही. शस्त्रक्रियेसाठी शुद्ध हवेचा बंदिस्त कक्ष तयार करून त्यांनी जंतुसंसर्गाचे प्रमाण शंभरात सुमारे सातवरून एकाच्याही खाली आणले. राइटिंग्टनला येऊन ही पद्धत शिकल्याखेरीज इतर शल्यविशारदांना हा सांधा मिळू नये, असा त्यांचा अनेक वर्षे आग्रह होता. आपल्या मृत्यूनंतर सांधा अभ्यासासाठी परत द्यावा, अशी विनंती ते रुग्णांना करीत आणि अनेक रुग्ण ती आनंदाने मान्य करीत.

१९७५ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले व १९७७ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. ५ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

आज अधिक टिकाऊ पॉलिएथिलीन उपलब्ध आहे, तसेच सिलिकोनसारखे पदार्थही शरीरात बसवले जातात. पदार्थ कोणताही असो, बसवल्या दिवशी तो कसा दिसतो यापेक्षा अनेक वर्षांनी भोवतालच्या जिवंत ऊती त्याच्याशी कशा वागतात, हे पाहणे महत्त्वाचे असते. अपयशाकडे डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्या चार्नली यांनी वैद्यकशास्त्राला हाच धडा दिला.