गणिताचे विद्यार्थी टिळक

लोकमान्य टिळकांचे नाव घेताच आपल्यासमोर 'केसरी'चे संपादक किंवा मंडालेच्या तुरुंगातील राजबंदी उभे राहतात. येथे आपण त्यांना डेक्कन कॉलेजातील गणिताचा विद्यार्थी म्हणून पाहणार आहोत.

२३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे जन्मलेल्या टिळकांचे वडील गंगाधरपंत हे शिक्षक. संस्कृत आणि गणित या दोन्ही विषयांचे पहिले धडे बाळने घरीच घेतले. १८७२ मध्ये पित्याचे छत्र हरपले. त्याच सुमारास ते मॅट्रिक झाले आणि पुढे येरवड्याजवळच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. आजच्या मानाने ते अगदीच लहान कॉलेज होते. मोजके विद्यार्थी व मोजके प्राध्यापक, आणि बरेचसे आयुष्य वसतिगृहातच. पहिले वर्ष टिळकांनी अभ्यासाला दिलेच नाही. प्रकृती किरकोळ आहे हे ओळखून त्यांनी ते व्यायाम व पोहणे यांत घालवले. वर्ष वाया गेले असे आपण म्हणू. त्यांना तसे वाटल्याचे दिसत नाही.

याच कॉलेजात त्यांना केरूनाना छत्रे भेटले. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. केरूनाना त्याआधीच कुलाब्याच्या वेधशाळेत काम करून घडलेले. स्वतः पदवी नसलेला हा मनुष्य पदवीच्या विद्यार्थ्यांना गणित शिकवी. त्यांच्यासाठी गणित फळ्यावर संपत नसे, ते आकाशापर्यंत जाई. पंचांगातील ग्रहस्थिती आणि प्रत्यक्ष आकाश यांचा मेळ बसत नाही, ही त्यांची खंत होती व ती दुरुस्त करण्यासाठी त्यांनी कोष्टके रचली. ती खंत टिळकांनीही उचलली.

गणित घेऊन टिळक पहिल्या वर्गात बी. ए. झाले. एम. ए. ची पदवी मात्र त्यांना कधीच मिळाली नाही. ते कायद्याकडे वळले आणि १८७९ मध्ये एल्एल. बी. झाले. वकिली न करता, १८८० मध्ये स्थापन झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये व पुढे फर्ग्युसन कॉलेजात ते गणित शिकवू लागले. मधल्या पायऱ्या गाळून तोंडीच उदाहरणे सोडवण्याची त्यांची सवय हुशार मुलांना आवडे. इतरांची मात्र धांदल उडत असावी!

१८९० मध्ये त्यांनी शिक्षणसंस्था सोडली, गणित नव्हे. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ओरायन' या ग्रंथाचा कणा गणिताचाच आहे. वसंतसंपात दरवर्षी किंचित मागे सरकतो. एक अंश सरकण्यास सुमारे ७२ वर्षे लागतात. नक्षत्र १३ अंश २० कलांचे, म्हणजे एका नक्षत्राला साधारण ९६० वर्षे. वैदिक वाङ्मयात संपात मृगशीर्षात असल्याच्या खुणा टिळकांना दिसल्या. हा हिशेब उलटा मोजत ते इसवी सनापूर्वी सुमारे ४००० वर्षांपर्यंत गेले. हा निष्कर्ष अनेक अभ्यासकांना मान्य नाही. खुणांचा अर्थ लावण्यात मतभेद आहेत, गुणाकारात नाहीत. हा फरक आपण ग्रंथ वाचताना ध्यानात ठेवावा.

राजकारणाच्या धकाधकीतही पंचांगशुद्धीचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. रेवतीच्या तारकेपासून राशिचक्राचा आरंभ मोजणारे, केरूनानांच्या गणिताशी नाते सांगणारे पंचांग पुढे 'टिळक पंचांग' याच नावाने छापले जाऊ लागले.