ओझच्या जादूगाराचे जनक : फ्रँक बॉम
(द्वितीय वर्ष, कला)

यशस्वी माणसांची चरित्रे आपण आवडीने वाचतो. पण वारंवार अपयश पदरी येऊनही ज्याने मुलांसाठी एक अद्‌भुत नगरी उभी केली, अशा माणसाची कथा मला अधिक जवळची वाटते. अमेरिकन लेखक लायमन फ्रँक बॉम यांची कथा अशीच आहे.

१५ मे १८५६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील चिटनँगो या गावी त्यांचा जन्म झाला. वडील खनिज तेलाच्या व्यापारात श्रीमंत झालेले. मुलाला मात्र नाटकांचे वेड. १८८८ मध्ये ते डाकोटा प्रदेशातील ॲबरडीन येथे गेले. तेथे त्यांनी दुकान काढले, ते बुडाले. मग साप्ताहिक चालविले, तेही हातचे गेले. याच साप्ताहिकातून त्यांनी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा समूळ नाश करावा, असे लिहिले होते. त्यांच्या चरित्रावरील हा डाग झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

पुढे शिकागोला येऊन ते चिनी मातीच्या भांड्यांचे फिरते विक्रेते झाले. घरी चार मुले होती. त्यांना ते गोष्टी सांगत. १९०० साली 'ओझचा जादूगार' प्रसिद्ध झाले आणि वावटळीत उडून गेलेली डोरोथी, बुद्धी शोधणारे बुजगावणे, हृदय शोधणारा पत्र्याचा लाकूडतोड्या व धैर्य शोधणारा सिंह घरोघरी पोहोचले.

१९०२ चे संगीत नाटकही गाजले. पण बॉम यांना ओझनगरी पडद्यावर आणावयाची होती. १९०८ मध्ये त्यांनी चित्रफिती, रंगीत काचचित्रे आणि नट यांचा एकत्र खेळ केला. खर्च इतका झाला की अखेर १९११ मध्ये दिवाळे निघाले. तरी हा गृहस्थ खचला नाही. १९१४ मध्ये लॉस एंजल्स येथे त्यांनी स्वतःची चित्रपट कंपनी काढली. पण हे तर पोरांचे चित्रपट, म्हणून लोकांनी पाठ फिरविली आणि कंपनी थोड्याच काळात बंद पडली. ६ मे १९१९ रोजी बॉम यांचे निधन झाले.

१९२५ साली लॅरी सेमन या विनोदी नटाने 'ओझचा जादूगार' हा मूकपट काढला. पटकथेच्या श्रेयनामावलीत बॉम यांच्या थोरल्या मुलाचेही नाव आहे. हा मूकपट मी पाहिला आणि फार निराश झालो. त्यात बुजगावणे हे बुजगावणे नाहीच. शेतावरचा एक गडी लपण्यासाठी तो वेष घालतो! आपटाआपटी भरपूर, पण जादू नाही. पुढे १९३९ च्या रंगीत चित्रपटाने ओझला पडद्यावर कीर्ती मिळवून दिली. पण त्यातही शेवटी सारे स्वप्नच ठरते. पुस्तकातील ओझ मात्र खरे आहे.

आमच्या घरात पुस्तक आले ते माझ्या शाळेच्या दप्तरातूनच. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी ओझ वाचले, तेव्हा आमच्या ज्वारीच्या शेतातले, वडिलांचा फाटका सदरा घातलेले बुजगावणे माझ्याशी बोलू लागले. ते कोणा गड्याचे सोंग नव्हते. बॉम यांना लाखो खर्चून पडद्यावर जे साधले नाही, ते त्यांच्या साध्या शब्दांनी एका शेतकऱ्याच्या मुलाच्या मनात साधले. मित्रहो, चित्रपट जरूर पाहा. पण पुस्तक आधी वाचा.