बर्फाचा इंजिनीअर आणि तापलेले इंजिन

माल भरलेली जुनी डिझेल पिकअप चढावर धापा टाकत थांबते, बॉनेटखालून वाफ येऊ लागते आणि ड्रायव्हर पाण्याचा कॅन घेऊन खाली उतरतो. घाटातून जाणाऱ्या कोणालाही हे दृश्य नवे नाही. अशा वेळी दोष कधी पंख्याला दिला जातो, कधी रेडिएटरला. गंमत अशी की, ज्यांच्या नावाने हे इंजिन ओळखले जाते, त्या रुडॉल्फ डिझेल यांनी आपल्या पहिल्या इंजिनाला थंड करण्याची काहीच सोय ठेवली नव्हती. आणि ते स्वतः तर बर्फ बनवण्याच्या धंद्यातले इंजिनीअर होते.

डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आई-वडील जर्मन, वडील कातडी वस्तू बनवणारे कारागीर. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तेथून बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच जर्मनीत ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. त्या घरातले गृहस्थ गणिताचे शिक्षक होते. मुलगा तिथे रमला आणि इंजिनीअर व्हायचे त्याने तेव्हाच ठरवून टाकले.

पुढे म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत त्यांना कार्ल फॉन लिंडं हे गुरू भेटले. शीतकरण यंत्रांचे जनक म्हणून लिंडं ओळखले जातात. उष्णतेच्या शास्त्रावरील त्यांची व्याख्याने ऐकताना डिझेल यांना एक गोष्ट खटकली. वाफेच्या इंजिनात जाळलेल्या कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा कामी येत होता, बाकी सगळी वाया जात होती. १८७९ मध्ये ऐन परीक्षेच्या वेळी त्यांना विषमज्वर झाला आणि परीक्षा हुकली. मधला काळ त्यांनी स्वित्झर्लंडमधील सुल्झर कारखान्यात काम करून काढला आणि १८८० च्या जानेवारीत उत्तम गुणांनी पदवी मिळवली. मग लिंडं यांच्याच बर्फाच्या कारखान्यात नोकरी लागली, तीही पॅरिसला. उष्णता कशी काढून घ्यावी, हे त्यांनी तिथे हाताने काम करून शिकून घेतले.

डोक्यात मात्र उष्णता वाचवणारे इंजिन होते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, हा अनुभव आपल्या सर्वांचा आहे. हवा दाबली की तापते. ती पुरेशी दाबली तर तिचे तापमान पाचशे अंशांच्याही पुढे जाते आणि त्यात सोडलेले इंधन ठिणगीशिवाय पेटते. १८९२ मध्ये डिझेल यांनी या कल्पनेवर पेटंटसाठी अर्ज केला. त्यांच्या मूळ हिशेबात इंधन इतके हळूहळू आत सोडायचे होते की जळताना तापमान वाढूच नये. तापमान वाढणार नसेल तर सिलिंडर थंड करायची गरज काय? उलट थंड करण्यासाठी वापरलेले पाणी म्हणजे वाया घालवलेली उष्णता, असे हे गणित होते. कागदावर त्यात चूक दिसत नव्हती.

ऑग्सबर्गच्या यंत्र कारखान्याने आणि क्रुप कंपनीने पाठबळ दिले. पहिले इंजिन तयार झाले, त्याला पाण्याचे आवरण नव्हते. १० ऑगस्ट १८९३ रोजी कारखान्यातील पट्ट्याने ते फिरवून आत इंधन सोडण्यात आले. इंधन पेटले, पण दाब इतका वाढला की दाब मोजणारे उपकरण फुटून उडाले. जवळ उभे असलेले डिझेल थोडक्यात बचावले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या बळावर चालले, तेही मिनिटभर.

आता दोन वाटा होत्या. जगासमोर मांडलेल्या सिद्धांताला चिकटून राहायचे किंवा यंत्र काय सांगते ते ऐकायचे. डिझेल यांनी यंत्राचे ऐकले. हवेवरचा दाब मूळ आकड्यापेक्षा खूप कमी केला आणि पुढच्या यंत्राच्या सिलिंडरभोवती पाणी खेळवले. १८९७ च्या फेब्रुवारीत प्राध्यापक मोरिट्झ श्रोएटर यांनी इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. कार्यक्षमता भरली २६.२ टक्के. स्वप्नातल्या ७३ टक्क्यांपासून ती फार दूर होती, पण वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून अधिक होती.

यश आले, पण प्रकृती ढासळली. पेटंटवरून वाद झाले, बाहेर विकलेली सुरुवातीची इंजिने बिघडत राहिली. तीव्र डोकेदुखी आणि अतिश्रमाने थकलेले डिझेल १८९८ मध्ये म्युनिकजवळच्या आरोग्यधामात दाखल झाले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तिथेच एक इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवण्यात आले. १९१२ मध्ये डिझेल इंजिनावर चालणारे ‘सेलांडिया’ हे जहाज महासागरात उतरले. मात्र जमिनीचे व्यवहार अंगाशी आले होते आणि घरची संपत्ती संपत चालली होती.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी ते अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ जहाजावर चढले. रात्री जेवून, सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून ते खोलीत गेले. सकाळी खोली रिकामी होती, बिछाना न वापरलेला. सुमारे दहा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह सापडला. खिशातील वस्तू मुलाने ओळखल्या. वय अवघे ५५. घरी पत्नी मार्था यांच्याकडे ठेवलेल्या पिशवीत दोन लाख मार्क निघाले, बँकेची खाती मात्र रिकामी होती. मृत्यूचे कारण कधीच सिद्ध झाले नाही.

डिझेल इंजिन ट्रकमध्ये आले ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२० च्या दशकात. तेव्हापासून सिलिंडरभोवतीचे पाणी रेडिएटरमधून फिरू लागले आणि त्यावर वारा घालणारा पंखा आला. इंधनाच्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाके फिरवतो, साधारण तेवढाच धुरावाटे जातो आणि उरलेल्यातला मोठा वाटा कूलंटला बाहेर न्यावा लागतो.

जुन्या पिकअपमध्ये हा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. अडचण अशी की, गाडी रहदारीत रेंगाळते तेव्हा वाऱ्याची गरज सर्वाधिक असते, पण इंजिन मंद असल्याने पंखाही मंद असतो. महामार्गावर समोरून वारा आपोआप मिळतो, तेव्हा मात्र पंखा जोरात फिरून शक्ती खातो. पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी शक्ती जवळपास आठपट होते. म्हणून तापमानानुसार जोडला-सुटला जाणारा सिलिकॉन तेलाचा क्लच आला आणि नंतर विजेचा पंखा.

जुन्या गाडीला विजेचा पंखा बसवण्याआधी रेडिएटरमधला गाळ, थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि पंख्याचा क्लच तपासून घ्यावा. अनेकदा रोग तिथेच असतो. पंख्याभोवतीचे आवरण काढून टाकू नये. ते नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी तीच ती हवा घुसळत राहतो. विजेच्या पंख्याला पुरेसा अल्टरनेटर, जाड वायर, रिले आणि फ्यूज हवा. सतत ओझे घेऊन चढ चढणाऱ्या गाडीला लहान विजेच्या पंख्यापेक्षा चांगल्या क्लचचा मूळ पंखाच अधिक हवा देऊ शकतो.

जिवाशी गाठ आहे ती पुढच्या दोन गोष्टींत. गरम रेडिएटर म्हणजे शिट्टी न झालेला कुकर. आतले पाणी दाबाखाली असते, झाकण उघडताच ते उसळून चेहरा आणि हात भाजतात. इंजिन बंद करून ते पूर्ण निवेपर्यंत झाकणाला हात लावू नये. तसेच विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, म्हणून काम करण्याआधी बॅटरीची वायर काढावी. गाडीला थोडा वेळ द्यावा. डिझेल यांनाही इंजिन थंड ठेवावे लागते हे मान्य करायला वेळ लागला होता, आणि ते मान्य केल्यावरच त्यांचे इंजिन चालले.