बॅरी फिट्झजेराल्ड : पडद्यावरील वृद्ध धर्मगुरु

महोत्सवाच्या पुस्तिकेंत धर्मगुरूंचीं चरित्रें यावयाचींच. प्रस्तुत चरित्र मात्र ज्यांनीं धर्मगुरूचा झगा केवळ कॅमेऱ्यासमोर घातला, आणि जे कॅथलिकहि नव्हते, अशा एका नटाचें आहे. तरीहि जुन्या वळणाच्या पॅरिशगुरूची मूर्ति त्यांच्याइतकी जिवंत फार थोड्यांनीं उभी केली असेल. म्हणून त्यांस येथें स्थान देण्यांत संकोच वाटत नाहीं.

बॅरी फिट्झजेराल्ड यांचें मूळ नांव विल्यम जोसेफ शील्ड्स. त्यांचा जन्म १० मार्च १८८८ रोजीं डब्लिन शहरीं एका प्रॉटेस्टंट कुटुंबांत झाला. विद्याभ्यास आटोपून ते सरकारी कचेरींत चिकटले. दिवसां कारकुनी आणि रात्रीं ॲबी थिएटरांत नाटक, असा त्यांचा दुहेरी संसार पुष्कळ वर्षें चालला. ही हौस वरिष्ठांच्या डोळ्यांत खुपूं नये म्हणून त्यांनीं रंगभूमीसाठीं निराळें नांव घेतलें; पुढें जगानें तेंच खरें मानलें.

नाटककार शॉन ओकेसी यांच्याशीं त्यांचा स्नेह जडला. १९२४ सालीं ओकेसींच्या ‘जूनो अँड द पेकॉक’ या नाटकांत आळशी व बढाईखोर कॅप्टन बॉइलची भूमिका करून ते नांवारूपास आले. १९२६ सालीं ‘द प्लाउ अँड द स्टार्स’ रंगभूमीवर आलें, तेव्हां १९१६ च्या ईस्टर उठावांतील वीरांचा त्यांत अवमान आहे असें वाटून प्रेक्षकांनीं दंगल केली. त्या नाटकांत फिट्झजेराल्ड यांचे धाकटे बंधु आर्थर शील्ड्स हेहि काम करीत होते. आणि आर्थर यांनीं तर त्याच उठावांत भाग घेऊन बंदिवास भोगला होता!

नोकरीचा राजीनामा त्यांनीं १९२९ सालीं दिला, तेव्हां त्यांनीं चाळिशी ओलांडली होती. १९३६ सालीं दिग्दर्शक जॉन फोर्ड यांनीं त्यांस हॉलिवूडला नेलें. ठेंगणी देहयष्टि, जाड भुंवया, घोगरा आवाज. नायकाची भूमिका वाट्यास येणें शक्यच नव्हतें. ते दुय्यम भूमिका करीत राहिले.

१९४४ सालीं ‘गोइंग माय वे’ हा चित्रपट निघाला. त्यांतील फादर फिट्झगिबन यांनीं न्यूयॉर्कमधील चर्च स्वतः उभारलें असून पंचेचाळीस वर्षें तेथें सेवा केली आहे. आतां चर्चवर कर्ज आहे, आणि बिशपांनीं एक तरुण गुरु मदतनीस म्हणून धाडला आहे. वस्तुतः कारभार त्याच्याच हातीं दिलेला आहे, हें म्हाताऱ्यास ठाऊक नाहीं. तें त्याच्या ध्यानीं येतें तो प्रसंग फिट्झजेराल्ड यांनीं ज्या शांतपणें केला, त्यास तोड नाहीं. आपली जागा दुसऱ्यास द्यावी लागण्याचें दुःख कोणत्या पॅरिशमध्यें घडत नाहीं? शेवटीं नाताळच्या रात्रीं आयर्लंडहून आलेली वृद्ध माता त्यांस भेटते. तेथें ते बोलत नाहींत. नुसते तिच्या कुशींत शिरतात.

याच वर्षीं त्यांच्या मोटारीच्या अपघातांत एका स्त्रीचा अंत झाला व तिची कन्या जखमी झाली. मनुष्यवधाचा खटला होऊन जानेवारी १९४५ मध्यें ते निर्दोष सुटले. चरित्रकारानें हें गाळूं नये.

त्यानंतर दोनच महिन्यांनीं त्यांस ऑस्कर मिळालें. एकाच भूमिकेसाठीं प्रमुख व सहाय्यक अशा दोन्ही पारितोषिकांकरितां त्यांचें नांव सुचविलें गेलें होतें. पैकीं सहाय्यक नटाचें त्यांस लाभलें, व प्रमुख नटाचें त्याच चित्रपटांतील तरुण गुरु, बिंग क्रॉसबी, यांस. असा पेंच पुन्हां पडूं नये म्हणून पुढें नियमच बदलण्यांत आला. युद्धकाळीं धातूची टंचाई असल्यामुळें ती मूर्ति प्लास्टरची होती. गोल्फचा सराव करतांना त्यांनीं तिचें मस्तकच उडविलें!

१९५२ च्या ‘द क्वायट मॅन’ मध्यें त्यांनीं लग्न जुळविणाऱ्या मायकेलीनची भूमिका केली. आर्थर त्यांत प्रॉटेस्टंट पाळक झाले होते. स्वतः फिट्झजेराल्ड अविवाहित राहिले. अखेरीस ते डब्लिनला परतले आणि ४ जानेवारी १९६१ रोजीं तेथेंच निवर्तले. डीन्सग्रेंजच्या दफनभूमींत त्यांस मूठमाती देण्यांत आली. आर्थर १९७० सालीं कॅलिफोर्नियांत वारले. त्यांचाहि देह मायदेशीं आणून भावाशेजारीं पुरण्यांत आला.